तळाचे तीन आटे

...पाच मिनिटं! ऐकलंत का तुमी? पाच मिनिटं! प्रिन्सिपॉल सरांनी आत्ता माईक हातात देता देता कानात सांगितलं, 'जोतीराम काका, पाचच मिनिटं हां, आन् जरा प्रेरणादायी बोला.' आता तुमाला सांगतो, त्या पोरीला ह्या आयटीआयच्या गेटातनं बाहेर पडून इंजिनिअर व्हायला सहा वर्षं लागली, सहा! ती मी पाच मिनिटांत कुठनं बसवू? आन् प्रेरणा काय माझ्या खिशात हाय? खिशात चष्मा हाय आन् बसचं तिकीट हाय.

मुळात ही जागाच माझी नाय. मागं तो फ्लेक्स बघा, 'आयटीआय ते इंजिनिअर : एक यशोगाथा.' फोटो कुणाचा? राजेश्वरीचा. हेल्मेट घालून, हाताची घडी घालून उभी. नारळ कुणासाठी आणला? तिच्यासाठी. शाल तिच्यासाठी. ही ट्रॉफी तिच्यासाठी... अहो, ही हलतीय का हो? हां, हलतीय, बुडातनंच हलतीय... राहू द्या. तर सगळं तिच्यासाठी, आन् साडेदहाला फोन आला, मॅडमची अर्जंट मिटिंग हाय, येता येत नाय. झालं! सगळ्यांची पळापळ! मग कुणाला तरी आठवलं, तिचा म्हातारा उस्ताद हाय ना, फिटर, सानपाड्याला राहतो, दोन महिने झाले रिटायर झालाय, घरी रिकामाच बसलेला असतो... बोलवा त्याला! रिकामा! मेथी निवडत होतो मी! अर्धी जुडी तशीच टाकून आलोय, बायको घरात काय बोलत असंल ते मला इथं ऐकू येतंय.

तर प्रेरणादायी. बरं.

राजेश्वरी ही हौसेरावची पोरगी. हौसेराव आमच्या साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात माथाडी. कांद्याची गोणी पाठीवर घेतली की माणूस दिसायचा नाय, नुसती गोणी चालत यायची. आई राजाबाई, ती त्याच मार्केटात लसूण निवडायची. तुर्भ्याला एक खोली. दहावी झाल्यावर पोरगी इथं आली फॉर्म भरायला. शेजारपाजारच्या बायांनी आधीच ठरवून टाकलं होतं, 'पोरीच्या जातीला शिवणकाम बरं बाई, लग्न झालं तरी मशीन घरात राहतं.' हिनं फॉर्मवर टिक केली फिटर! खिडकीतला क्लार्क चष्म्यावरनं बघून म्हणतो, 'अगं ए, चुकून झाली का टिक?' ही म्हणली, 'नाय, बघून केलीय.'

दोन वर्षं हितं कानस घासली, आन् मग अप्रेंटिस म्हणून आमच्या कंपनीत आली, तुर्भ्यालाच, पंपाच्या बॉड्या बनवतो आमी. म्हणजे बनवायचो. मी बनवायचो. आल्या दिवशी बघितलं तर काय, लोखंड आवळून धरायचा टेबलावरचा वाइस हिच्या छातीला लागतोय! आता वाइस कसा पाहिजे? कोपराला पाहिजे. मी पॅकिंगची एक फळी आणून टाकली पायाखाली, म्हणलं, हो उभी. आन् तुमाला सांगतो, तेहेतीस वर्षं मी पोरं शिकवली. काही पोरांच्या हातात जोर असतो, काहींच्या हातात नुसता मोबाईल असतो. ह्या पोरीच्या हाताला कान होते. टॅप मारताना टॅप तुटायच्या आधी कुरकुरतो, माहीत हाय ना? बारीक... उंदीर लाकूड कुरतडतो तसं. दहादा टॅप तोडल्याशिवाय ते पोरांना ऐकू येत नाय. हिला पयल्या महिन्यात ऐकू आलं. 'काका, कुरकुरला, मी थांबले.' मी मनात म्हणलं, जोतीराम, पेन्शन वसूल.

आता मागं पालक बसलेत, त्यांना समजंल असं सांगतो, नायतर ते म्हणतील म्हातारा कुणाच्या भोकाचं बोलतोय. लोखंडात भोक पाडायचं, आन् त्या भोकाच्या आतनं आटे पाडायचे, बोल्ट बसायला. ते आटे ज्या हत्यारानं पाडतात तो टॅप. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, वरनं तेलाची धार. अर्धा पुढं, पाव मागं. घाई केली की मोडला. आन् भोक आरपार नसंल, तळ बंद असंल, तर टॅपचं टोक निमुळतं असतं म्हणून तळाचे दोन-तीन आटे कधीच निघत नायत. कधीच नाय! बाटलीच्या तळाची चटणी जशी चमच्याला येत नाय, तसं. त्याला इलाज साधा हाय, भोक जास्त खोल घ्यायचं, नायतर बोल्ट आखूड लावायचा. येवढंच. ही काय रॉकेटची विद्या नाय.

तर त्या साली कंपनीत नवीन इंजिनिअर आले होते, यशराज साहेब. बूट असले चकचकीत की शॉपमध्ये चालताना खाली बघूनच चालायचे, ऑइल लागंल म्हणून. एक दिवस ड्रॉइंग आलं, भोक वीस मिली खोल, आटेपण वीस मिली, आन् भोकाखाली फक्त तीन मिलीची भिंत, पलीकडनं पाणी जाणार. म्हणजे भोक खोल घेताही येत नाय. राजेश्वरी फळीवरनं उतरून गेली साहेबाकडं. 'साहेब, तळाचे तीन आटे निघणार नायत.' साहेब म्हणला, 'ड्रॉइंगप्रमाणे करा.' ही म्हणली, 'साहेब, सोळावर थांबले तर बोल्ट आखूड लावता येईल.' 'ड्रॉइंगप्रमाणे करा.' 'साहेब, टॅप तुटंल हो.' 'मी काय सांगितलं? ड्रॉइंगप्रमाणे करा!'

आन् मी? मी कुठं होतो? तिथंच होतो! तीन हातांवर! शॉपमध्ये हाडं मुरलेला फिटर! मग बोललो का नाय? आता खरं सांगतो, पोरांनो, माझ्या तोंडात तंबाखू होती. शॉपमध्ये तंबाखूला बंदी. तोंड उघडलं असतं तर साहेबाला दिसली असती. म्हणून मी नुसती मान हलवली. आन् ती मान कशी हलली तेसुद्धा मला नीट माहीत नाय, पोरीला वाटलं मी 'कर' म्हणतोय. तिनं टॅप लावला. अर्धा पुढं, पाव मागं, सतराव्या मिलीला कुरकुरला, तिनं हात थांबवला, साहेबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं... आन् फिरवला. टुक्! येवढाच आवाज होतो. अर्धा टॅप हातात, अर्धा भोकात, बॉडी भंगारात.

मेमो कुणाला? साहेबाला? काय विनोद करता राव! मेमो राजेश्वरीला. 'कारण : फिटरची चूक.'

आमच्या शॉपमध्ये एक रीत हाय. नवीन पोरानं मोडलेला पयला टॅप टाकायचा नाय. खंडेनवमीला हत्यारं मांडतो ना पूजेला, पाने, कानशी, हातोड्या, त्यात तो मोडका तुकडासुद्धा मांडायचा. हळदकुंकू लावून. का? तर आठवण राहावी म्हणून. बाकीची पोरं त्या दिवशी हसतात. ही हसली नाय. पूजा झाल्यावर तिनं तो तुकडा रुमालात बांधला आन् मला विचारलं, 'काका, ड्रॉइंग कोण काढतं?' म्हणलं, इंजिनिअर काढतो. 'मग मी इंजिनिअर होते. कुणी फिटर आला सांगायला तर मी ऐकेन.' बस. ही प्रेरणा! लिहून घ्या सर, मिळाली प्रेरणा, दोन शब्दांची हाय : मी ऐकेन.

मग सुरू झालं ते डिप्लोमाचं. आयटीआयवाल्याला डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, चांगली गोष्ट हाय, नाव ठेवत नाय मी. पण कागद! डोमिसाइल आणा, दाखला आणा, दाखल्याचा दाखला आणा. हौसेराव मार्केटमधले खाडे करून हिच्याबरोबर लायनीत, शेवटी खिडकीशी पोचले तर आतली बाई म्हणते, 'आयटीआय पास झालात त्याच्यानंतर एक वर्ष गॅप दिसतोय.' पोरगी म्हणली, 'मॅडम, गॅप नाय, अप्रेंटिसशिप केली.' 'ते कॉलममध्ये बसत नाही. गॅपचं ॲफिडेव्हिट आणा.' आता ॲफिडेव्हिट काय लिहायचं? तर स्टॅम्पपेपरवर शपथेवर लिहायचं की ह्या वर्षात मी काही शिक्षण घेतलं नाय, घरी होते! हौसेराव भडकला, 'घरी? अहो, सकाळी सहाला जायची, हाताचे घट्टे बघा तिच्या!' बाईनं घट्टे बघितले का? नाय बघितले. घट्ट्याची झेरॉक्स लागत नाय ना! ज्या वर्षी पोरगी खरंखुरं शिकली ते वर्ष शपथेवर पुसून टाकलं. तिनं सही केली, काय करणार? अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं.

डिप्लोमा झाला. चांगला झाला, एकाहत्तर टक्के. मग इंजिनिअरिंगची डिग्री. तिथंसुद्धा थेट दुसऱ्या वर्षाला. तुमाला वाटंल, वा, एक वर्ष वाचलं! वाचलं नाय राव, ते उंबऱ्याआड दबा धरून बसलं होतं. ते गणित असतं त्यांचं, एम-थ्री म्हणतात. म्हणजे एम-वन आन् एम-टू आधी झालेलं असतं बाकीच्यांचं, पयल्या वर्षात. हिचं झालंय कुठं? ही आपली थेट तिसऱ्या मजल्यावर उतरवलेली, खालचे जिनेच नायत. मास्तर फळ्यावर सुरू, इंग्रजीत, धडाधडा, आन् म्हणतो, 'धिस यू ऑलरेडी नो.' कोण नो? बाकीची पोरं कोचिंग क्लासातनं भरून आलेली, ती माना डोलवतायत. ही वहीत लिहिते, लाप्लास. घरी येऊन मला विचारते, 'काका, लाप्लास माहीताय?' म्हणलं, कुठल्या शॉपला असतो?

पयल्यांदा नापास. दुसऱ्यांदा नापास, चार मार्कांनी. हौसेराव रात्रपाळी करून आलेला, तो आपला विचारतो, 'पोरी, हे कदी संपतंय गं?' राजाबाई म्हणते, 'मी पेढं सांगून ठिवल्यात मिठाईवाल्याला, त्यो रोज इचारतोय.' तिसऱ्यांदा पास झाली. कशी झाली? पाठ केलं. म्हणली, 'काका, समजलं नाय, पण ड्रॉइंगप्रमाणे केलं.' आमी दोघं किती हसलो त्या दिवशी! तेव्हा हसू येत होतं त्या वाक्याला.

वर्गात तिला काय म्हणायचे माहीताय? 'ए आयटीआय.' नाव नाय, गाव नाय. ए आयटीआय, जर्नल दे. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कातायची लेथ होती, दीड वर्ष बंद. बंद का, तर तिच्या उद्घाटनाची पाटी शाबूत राहावी म्हणून असंल. एच.ओ.डी. सर हळूच म्हणले, 'तू ते आयटीआय केलंयस ना, जरा बघ की.' बघितली, दोन दिवसांत चालू केली, बेल्ट आन् एक बेअरिंग, काय होतं त्यात! तिसऱ्या दिवशी फोटो आला कॉलेजच्या पानावर, 'आमच्या प्राध्यापकांनी विकसित केलेली मशीन.' विकसित! फोटोत पाच प्राध्यापक, सगळ्यांचे हात स्वच्छ. ही कुठं? फोटो काढत होती!

पण एक दिवस मात्र, तुमाला सांगतो, ती पळत आली माझ्या खोलीवर. पळत! चपला दारात दोन दिशांना. हातात जाडजूड पुस्तक, 'काका, हे बघा, हे बघा!' मला काय इंग्रजी वाचता येतं? पण चित्र समजलं. बंद तळाचं भोक, आत आटे, आन् तळाशी रिकामी जागा सोडलेली. बाण दाखवून लिहिलेलं. ती मराठीत वाचून दाखवते, 'आटे तळापर्यंत नेऊ नयेत, जागा सोडावी. काका, तुम्ही सांगता तेच! पुस्तकात हाय!' मला इतकं बरं वाटलं... इतकी वर्षं आपण जे बोललो ते कुणीतरी छापलंय! चहा ठेवला मी. आन् चहा उतू चालला तरी गॅस कुणी बंद केला नाय. कारण दोघांच्या डोक्यात एकदमच आलं. हे पुस्तक यशराज साहेबानं वाचलं असणार की! वाचून पास झाला असणार! म्हणजे त्याला ठाऊक होतं? की परीक्षा झाली आन् विसरला? पोरगी म्हणली, 'मी नाय विसरणार.' तो मोडका टॅप तिच्या कंपासपेटीत असायचा, सगळं कॉलेजभर. पेन्सिलीला टोक करायला काढली पेटी की खुळखुळायचा.

झाली इंजिनिअर. राजाबाईनं पेढे वाटले, तुर्भ्यात गल्लीभर वाटले, एक कुत्र्यालापण दिला. आता नोकरी. कॉलेजात कंपन्या आल्या त्या सगळ्या कॉम्प्युटरच्या. 'मेकॅनिकल ना? हरकत नाही, आम्ही सगळं नव्याने शिकवू.' अहो, सगळं नव्यानंच शिकवायचं तर ह्या लाप्लासनं का छळलं पोरीला? ती म्हणली, मला शॉपवर जायचंय. आन् कुठं आली? आमच्याच कंपनीत! एच.आर.चा पोरगा विचारतो, 'एक्स्पीरियन्स?' 'सर, इथंच एक वर्ष अप्रेंटिस होते.' 'ते नाही धरत, फ्रेशर लिहा.' बघा! तेच वर्ष! एकदा कॉलेजनं पुसलं, एकदा कंपनीनं पुसलं. बिचाऱ्या वर्षाला कुठं जागाच नाय.

मी पयल्याच दिवशी 'मॅडम' म्हणलं. ती म्हणली, 'काका, असं काय करता?' म्हणलं, गळ्यात कार्ड हाय, सगळ्यांनी म्हणायचं म्हणजे मीपण म्हणायचं. पण मनातनं... छाती येवढी झाली होती माझी. फिटर सांगायला गेला की ती खुर्चीतनं उठायची. उठायची हो! पेन्सिल घेऊन वाइसपाशी यायची, 'दाखवा.' आमच्या शॉपमध्ये असं कुणी बघितलंच नव्हतं. पोरं म्हणायची, आपली मॅडम. अकरा महिने असे गेले. बाराव्या महिन्यात कन्फर्मेशन, म्हणजे कायम करतात, नायतर नमस्कार करतात.

सर, बघितलं मी, घड्याळ दाखवताय. दाखवा. आलोच संपवत.

तर बाराव्या महिन्यात एक ड्रॉइंग आलं हेड ऑफिसातनं. मी उघडलं. भोक वीस मिली, आटे वीस मिली, खाली तीन मिलीची भिंत. तेच! नंबर नवा, तारीख नवी, भोक तेच! मी घेऊन गेलो मॅडमकडं. तिनं बघितलं आन् हसली, 'काका, हे तुम्ही मला सांगायला आलात?' पेन्सिलीनं कडेला लिहिलं, आटे सोळा. 'थांबा, सही आणते.' गेली यशराज साहेबाच्या केबिनमध्ये. साहेब आता मॅनेजर झालेत. बूट तेच, केबिन काचेची.

आवाज काही येत नाय काचेतनं, नुसती तोंडं हलतात. ती ड्रॉइंगवर बोट ठेवून सांगतीय. साहेब घड्याळाकडं हात करतायत... कंटेनर संध्याकाळी न्हावा शेव्याला पोचलाच पाहिजे, जहाजाचं गेट बंद होतं, ते आमाला सकाळपासनं पाठ होतं. ती परत बोट ठेवते. मग साहेबांनी ड्रॉवर उघडला, एक हिरवी फाइल काढली, टेबलावर ठेवली, आन् तिच्यावर एकच बोट आपटलं. टक टक. हिरवी फाइल कशाची असते ते शॉपमध्ये झाडूवाल्यालापण माहीत हाय. कन्फर्मेशनची. आन् मग साहेबाचं तोंड शेवटचं हललं, दोनच शब्द. ते मला काचेतनं वाचता आले. मी ते वाक्य पाठ केलंय.

ती बाहेर आली. तुमाला सांगतो, केबिनपासनं माझ्या वाइसपर्यंत चाळीस पावलं हायत. हौसेरावची पाठ दिवाळीपासनं गेलीय, मणका सरकलाय, गोणी तर सोडा, तांब्या उचलवत नाय. घर हिच्यावर. ते सगळं घेऊन ती चाळीस पावलं चालत आली आन् माझ्यासमोर उभी राहिली. 'काका...' म्हणली. पुढं नाय. परत, 'काका...' ओठ हलतायत आन् शब्द फुटत नाय. तिला ते वाक्य बोलता येईना! सहा वर्षं त्या वाक्याच्या विरुद्ध शिकली, आन् आता तेच बोलायचं, तेही मला!

ह्या वेळेला माझ्या तोंडात तंबाखू नव्हती. डॉक्टरनं सोडवलीय. म्हणजे गप्प बसायला कारण नव्हतं. मी जाऊन भांडलो असतो साहेबाशी, माझं काय वाकडं होणार होतं, रिटायरमेंट तोंडावर. पण टेबलावर फाइल माझी नव्हती ना, तिची होती. मी भांडायचो आन् जायची ती. मग मीच म्हणलं, 'मॅडम, करतो. ड्रॉइंगप्रमाणे करतो.'

अर्धा पुढं, पाव मागं. ती शेजारीच उभी. सतराव्या मिलीला कुरकुरला. आख्ख्या शॉपमध्ये ते ऐकू येणारी दोनच माणसं होती, दोघांनी ऐकलं. मी फिरवला. टुक्.

कंटेनर चुकला. मग रिपोर्ट. छापील कागद असतो, 'कारण' म्हणून पुढं तीन चौकोन : मशीन, मटेरियल, फिटर. एकात टिक करायची. तिनं पेन हातात घेतलं आन् थांबली. 'काका, मी नाय करणार.' म्हणलं, 'मग काय करणार? ड्रॉइंग असा चौकोन हाय का बघा त्यात.' तिनं बघितलं. उलटून मागंपण बघितलं, वेडी! 'नाय ना? मग करा टिक, मॅडम. माझे शेवटचे सव्वीस दिवस राहिलेत, मला मेमो काय, पानाचा विडा काय.' केली टिक. चौकोनाच्या जरासुद्धा बाहेर नाय गेली. फिटरचा हात हाय. मग तो मोडका तुकडा तिनं माझ्या हातातनं काढून घेतला आन् खिशात टाकला. आता कंपासपेटीत दोन असतील.

कन्फर्म झाली. राजाबाईनं परत पेढे आणले, पयला माझ्या हातावर ठेवला, 'तुमच्यामुळं झालं जोतीरामभाऊ.' खाल्ला मी. गोड होता. पण त्यानंतर राजेश्वरी माझ्या वाइसवरनं जाईना, स्टोअरच्या बाजूनं वळसा घालून जायची. फिटर सांगायला गेला की अजून उठते म्हणतात, पण जरा उशिरा उठते. माझ्या निरोपाला रजेवर होती. आन् आज मिटिंग. सर, मिटिंगबिटिंग काय नसंल हो! त्या फ्लेक्सखाली उभं राहून तुमाला 'माझ्यासारखं व्हा' म्हणायचं तिला जमलं नसंल. माझ्यावर रागावली असंल तर ते बरं होतं. ती रागावली नाय, तिला लाज वाटतीय, आन् ते मला सोसत नाय.

म्हणून मी शिकू नका म्हणतोय का? शिका! डिप्लोमा करा, डिग्री करा, लाप्लासला पकडून तुडवा. कागद सगळे लॅमिनेट करून ठेवा. इंजिनिअर झालात की त्या रिपोर्टवर चौथा चौकोन छापून घ्या, जमलं तर. तिला नाय जमलं. मला तर बोलायलापण दोनदा नाय जमलं... पयल्यांदा तंबाखू होती, दुसऱ्यांदा माया होती. तोंड दोन्हीनं बंदच.

हां सर, झालं, झालं. ट्रॉफी द्या इकडं, मी पोचवतो तिच्या घरी, तुर्भे माझ्या वाटेतच हाय. नारळपण द्या. अरं बापरे, ही तर चांगलीच हलतीय... थांबा, उलटी करतो... बघा! बघा, खालचा बोल्ट! तळापर्यंत गेलेलाच नाय, तीन आटे बाहेर राहिलेत! कुणीतरी... नको रे पोरा, पाना नको आणू, जोर लावू नको, तुटंल. कागदाची घडी घाल बुडाखाली आन् ठेव तशीच.

ड्रॉइंगप्रमाणे केली असंल बिचाऱ्यानं.